मुलाखतीची तयारी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हवी

निकाल लागले, कॅम्पसच्या याद्या फलकावर लागल्या की सोलापुरात एक वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, आपली पोरं हुशार आहेत, राबणारी आहेत, पण मुलाखतीत मार खातात. इंग्रजी येत नाही, चारचौघांत बोलायची सवय नाही, आत्मविश्वास नाही. मग उपाय काय? पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा वर्ग लावा, टाय बांधायला शिकवा, खुर्चीत कसं बसायचं ते शिकवा. दुसरी बाजू म्हणते, मुलाखत हा निव्वळ देखावा आहे. माणूस आधीच ठरलेला असतो. वशिला असला तर आत, नसला तर ‘कळवतो’ म्हणून वाटेला लावतात. तेव्हा लेखी परीक्षा घ्या, गुणांची यादी लावा आणि मुलाखत कायमची बंद करा. दोन्ही बाजूंना पोरांची कळकळ आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्या अर्ध्या तासात नेमकं काय तपासायचं असतं, हा प्रश्न दोघांपैकी कुणीच विचारत नाही. तो सुटल्याशिवाय तयारी कशाची करायची हे उमेदवाराला कसं कळणार? आणि निवड कशाच्या जोरावर करायची हे मालकाला तरी कसं कळणार?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. समोरचा माणूस हे काम करू शकेल का, आणि तसं मानायला त्याच्या आजवरच्या जगण्यात काय आधार सापडतो, एवढंच मुलाखतीत तपासायचं असतं. उमेदवाराने तो आधार शोधून, नीट जुळवून ठेवायचा. मुलाखत घेणाऱ्याने तो बाहेर येईल असे प्रश्न आधी लिहून ठेवायचे. सोलापूरची मुलं पहिल्या कामात कमी पडतात, हे खरं आहे. पण त्यांना तपासायला बसणारे, इथले काय आणि पुण्याचे काय, दुसऱ्या कामात त्याहून जास्त कमी पडतात, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या धंद्यात आहे, माणसं निवडायला वर्षानुवर्षं बसत आलो आहे. म्हणून हे टेबलाच्या त्या बाजूने लिहितो आहे.

पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. सोलापूरचा टॉवेल परदेशात जातो. तिथल्या खरेदीदाराचा मेल इंग्रजीत येतो, मालाच्या वजनाबद्दलची तक्रार इंग्रजीत येते, आणि तिला त्याच दिवशी उत्तर द्यावं लागतं. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत परदेशातल्या ग्राहकाशी रोज बोलायचं असतं. तिथे इंग्रजी न येणाऱ्याला घेतलं नाही म्हणून मालकाला दोष देता येणार नाही. भाषा शिकलीच पाहिजे, आणि ती शिकवणारे वर्गही हवेत. पण डाइंग विभागात रंगाचं मिश्रण तपासणाऱ्या मुलाची मुलाखत इंग्रजीत का घ्यायची? गोदामाचा हिशेब ठेवणारीला ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता’ हे इंग्रजीत विचारून कोणता माल सुरक्षित राहणार आहे? इंग्रजांच्या काळात आयसीएसच्या, म्हणजे तेव्हाच्या सनदी सेवेच्या, उमेदवाराला घोडेस्वारीची चाचणी द्यावी लागे. आज ते विचित्र वाटतं, पण जिल्ह्याचा अधिकारी तेव्हा घोड्यावरून दौरे करत असे. चाचणीचा कामाशी काही संबंध तरी होता. आपण मात्र घोड्यावर कधीच न बसणाऱ्यांकडूनही घोडेस्वारी मागतो आहोत.

शिवाय ‘कम्युनिकेशन नाही’ हा शेरा आपण कुणाला मारतो तेही पाहा. आपल्या पूर्व भागातला मुलगा घरी आजीशी तेलुगू बोलतो, कारखान्यात मराठी बोलतो, चौकातल्या मित्रांशी सोलापुरी हिंदीत बोलतो. अक्कलकोटकडचा मुलगा कन्नड आणि मराठीत सारख्याच सहजतेने वावरतो. आजीचं म्हणणं दवाखान्यातल्या डॉक्टरला आणि डॉक्टरचं म्हणणं आजीला समजावून सांगणं हे त्याच्या रोजच्या जगण्यातलं काम. या मुलाला संवाद साधता येत नाही, असं म्हणायचं? चौथ्या भाषेत अडखळला म्हणून तीन भाषांतलं कसब शून्य धरायचं? त्याला इंग्रजी कमी येतं, एवढंच खरं आहे, आणि त्याला तेवढंच म्हणावं. ‘व्यक्तिमत्त्व कमी आहे’ असं म्हणू नये. ‘तुझं इंग्रजी कच्चं आहे’ हे ऐकलेला मुलगा सहा महिने अभ्यास करून ते सुधारतो. ‘तुझं व्यक्तिमत्त्व कच्चं आहे’ हे ऐकलेला मुलगा पुढच्या मुलाखतीला मान खाली घालून जातो.

आता मुलाखतीच्या बाजूने केला जाणारा सगळ्यात भक्कम युक्तिवाद घेऊ. कागदावर माणूस कळत नाही. समोर बसवला, चार गोष्टी बोलला की त्याचं पाणी कळतं. अनुभवी माणसाची नजर चुकत नाही. सोलापूरला हा युक्तिवाद नवा नाही. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यावर शहर चालत होतं, त्या काळात देशभरातल्या कापडगिरण्यांत माणूस निवडायचा तो जोबर, म्हणजे खात्याचा मुकादम. गेटवर ताटकळणाऱ्या बदलीवाल्यांवरून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर लागणाऱ्यांवरून, नजर फिरवायची, बोट दाखवायचं, तो आत. जोबरला साच्यांचं काम येत होतं, माणसं ओळखीची होती, नजर तयार होती. हे सगळं खरं. आणि त्याच नजरेमागे गाव होतं, जात होती, नातं होतं, दस्तुरी, म्हणजे कामाला लावण्याबद्दलची लाच, होती. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवलं, आणि कामगारभरती जोबरच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी अशी शिफारस केली. एकट्या माणसाच्या नजरेवर निवड सोडली की ती कुठे जाते, हे गिरणगावांनी शंभर वर्षांपूर्वी अनुभवलं आहे. आजचा भरती अधिकारी ‘मला दोन मिनिटांत माणूस कळतो’ असं अभिमानाने सांगतो, तेव्हा जोबरपेक्षा वेगळं तो काय सांगत असतो?

आणि ही नजर खरंच चुकत नाही का? १९७९ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक प्रयोग आपसूक घडला. टेक्सास विद्यापीठाच्या या महाविद्यालयाने सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेऊन क्रमवार यादी केली आणि वरच्या साडेतीनशेतून १५० जागा भरल्या. नंतर तिथल्या विधिमंडळाने जागा अचानक २०० केल्या. तोवर वरचे उमेदवार दुसरीकडे गेले होते. म्हणून उरलेले ५० घ्यावे लागले ते यादीच्या तळातून, सातशे ते आठशेच्या दरम्यानच्या क्रमांकांतून. पुढे अभ्यासकांनी दोन्ही गटांची तुलना केली. अभ्यासात, दवाखान्यातल्या प्रत्यक्ष कामात, पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात, कुठेच फरक दिसला नाही. अनुभवी प्राध्यापकांनी मुलाखतीत ज्यांना नाकारलं होतं ते, ज्यांना निवडलं होतं त्यांच्याइतकेच चांगले डॉक्टर होत होते. २०२२ साली मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी भरतीवरच्या असंख्य जुन्या अभ्यासांची फेरमांडणी केली. सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेले गुण, अशा मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध त्यांना ०.४२ इतका आढळला. मनाला येईल ते विचारण्याच्या मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. या मोजपट्टीवर १ म्हणजे अचूक आणि ० म्हणजे काहीच संबंध नाही. पद्धत बदलली की तीच मुलाखत दुपटीहून अधिक उपयोगी पडते, आणि आपल्याकडे नव्वद टक्के चर्चा टायच्या गाठीवर चालते.

मोकळ्या गप्पांतून जे निसटतं ते सगळ्यांचं सारखं निसटत नाही, हे त्याहून गंभीर आहे. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न आपल्याकडे मुलाखतीचा नारळ फोडावा तसा पहिला विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतंही. मुलाचं अवघडलेपण जावं म्हणून तो विचारतो. पण ज्याचे वडील बँकेत आहेत तो या प्रश्नाने खुलतो, आणि ज्याचे वडील यंत्रमागावर रोजंदारीने आहेत, किंवा वारले आहेत, किंवा घर सोडून गेले आहेत, तो आक्रसतो. पहिल्याच मिनिटाला शर्यतीची रेघ हलली. २००७ साली समाजशास्त्रज्ञ कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा गुणवत्तेची महती सांगणारे तेच अधिकारी ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ बघतो असं निःसंकोचपणे सांगत होते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. तिथे मुलाखतीपर्यंत पोहोचण्याआधीच गाळणी झाली होती.

सरकारी नोकऱ्यांचा इतिहास यापेक्षा निर्मळ आहे, असंही समजू नका. १९५०च्या आयएएस परीक्षेत अच्युतानंद दास यांना लेखी परीक्षेत सर्वांत जास्त गुण होते. मुलाखतीत त्यांना ३०० पैकी ११० मिळाले. यादीत पहिल्या आलेल्या एन. कृष्णन यांना मुलाखतीत २६० होते. दास निवडलेल्या ४८ जणांत शेवटचे आले. ते अनुसूचित जातीचे होते. ज्या माणसाने कागदावर सगळ्यांना मागे टाकलं, त्याच्यात तोंडी परीक्षा घेणाऱ्यांना एवढं कमी काय दिसलं? पुढे १९८० साली श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. विद्यार्थ्यांची तक्रार होती की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि विचारलं काय, तर आईवडील कोण, राहता कुठे. लेखीला १०० आणि अशा मुलाखतीला ५० गुण. अजय हासिया खटल्याच्या त्या निकालात न्यायालयाने तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरवलं, आणि मुलाखतींचं ध्वनिमुद्रण करावं असंही सुचवलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाला जे दिसलं, ते आजही दर कॅम्पस मुलाखतीत घडत असेल, तर दोष मुलांच्या आत्मविश्वासाचा कसा?

इथे दुसरी बाजू म्हणेल, मग आम्ही वेगळं काय म्हणतो? बंदच करा ना मुलाखत. या म्हणण्याला जोर आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. लेखी परीक्षेत पुढे असलेल्याला मुलाखतीत मागे ओढून पैसे मागायची एक मोठी वाट त्यामुळे बुजली. गरीब घरच्या पोरांना हा दिलासा होता आणि मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे. पण त्याच निर्णयात कौशल्य चाचणी शाबूत ठेवली होती, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. म्हणजे काम येतं का हे बघण्याची गरज सरकारलाही वाटलीच. शिवाय लेखी परीक्षेने सगळं भागतं का? शिक्षकाची नोकरी घ्या. विषय पाठ असलेला माणूस सातवीच्या वर्गात उभा राहून भागाकार समजावू शकतो का, हे उत्तरपत्रिकेतून कळत नाही. त्याला वर्गात उभंच करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानेच १९८१च्या लीलाधर खटल्यात राजस्थानच्या मुन्सफ भरतीतले तोंडी परीक्षेचे २५ टक्के गुण वैध ठरवले, कारण न्यायाधीश म्हणून बसणाऱ्या प्रौढ माणसाचा स्वभाव आणि समज पाहणं न्यायालयाला आवश्यक वाटलं. आणि सोलापुरातल्या बहुतेक तरुणांच्या वाट्याला येणार आहेत त्या खासगी नोकऱ्या. पन्नास माणसांचा कारखाना चालवणारा कुठली लेखी परीक्षा घेणार? तो माणूस समोर बसवूनच घेणार. ती भेट टळणार नसेल, तर ती न्याय्य आणि उपयोगी कशी होईल हे बघणं भाग आहे.

ते होऊ शकतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, ज्यांना पुढे २००२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते विशीच्या सुरुवातीला इस्रायली सैन्यात होते. १९५५च्या सुमारास जवानांची निवड सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं. आधीच्या मुलाखती म्हणजे वीसेक मिनिटांच्या गप्पा आणि शेवटी एक एकंदर मत. त्या मताचा पुढच्या कामगिरीशी जवळपास संबंधच नव्हता. कानेमन यांनी सहा स्वभावगुण ठरवले, जबाबदारीची जाणीव, मिळूनमिसळून राहणं, वक्तशीरपणा वगैरे. प्रत्येकासाठी उमेदवाराच्या मागच्या आयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींबद्दल साधे प्रश्न लिहिले, आणि एका गुणाचा आकडा मांडल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही असा नियम केला. मुलाखत घेणारे चिडले. तुम्ही आम्हाला यंत्रमानव करताय, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कानेमन यांनी सवलत दिली की सगळे आकडे मांडून झाले की डोळे मिटा, त्या माणसाला सैनिक म्हणून डोळ्यांसमोर आणा आणि शेवटचा एक आकडा तुमच्या मनाने द्या. नवी पद्धत जुनीपेक्षा कितीतरी सरस ठरली, आणि तो मनाने दिलेला आकडाही उपयोगी निघाला. अनुभवी नजरेचा मी विरोधक नाही, तो यामुळेच. तिला आधी शिस्तीने माहिती गोळा करू द्या, मग बोलू द्या.

गोदामातल्या सहायकाच्या जागेसाठी आमच्याकडे घेतलेली एक मुलाखत सांगतो. विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, बी.कॉम. झालेली मुलगी होती. तिने इंग्रजीतली ओळख पाठ केली होती: मी कष्टाळू आहे, माझा छंद वाचन आहे, गाणी ऐकणं आहे, माझा दोष म्हणजे मी फार संवेदनशील आहे. त्या दिवशी आलेल्या बहुतेकांची ओळख थोड्याफार फरकाने हीच होती. अनुभव? ‘नाही सर, फ्रेशर आहे.’ मग सगळ्यांना विचारायचा म्हणून लिहून ठेवलेला प्रश्न आला: आलेला माल आणि गेलेला माल यांचा हिशेब तुम्ही कुठेही ठेवला आहे का, घरी, कॉलेजात, मंडळात, कुठेही? ती थोडा वेळ गप्प बसली. मग मराठीत म्हणाली, आईच्या विड्यांचा ठेवते. नववीत असल्यापासून आईचा आणि शेजारच्या दोघी मावशींचा हिशेब तिच्या वहीत होता. पान किती वजनाचं मिळालं, तंबाखू किती, विड्या किती भरल्या, चेकरने किती बाजूला काढल्या. पावसाळ्यात पान खराब येतं, हजार विड्यांना पुरत नाही, वरचं पान पदरच्या पैशाने आणावं लागतं. किती जास्त लागतं हे तिने तीन महिन्यांच्या नोंदींवरून काढलं होतं, आणि ती वही घेऊन मावशींबरोबर कारखान्यात बोलायलाही गेली होती. हे सांगताना तिचा हात टेबलावर रकाने आखत होता. माझ्या शेजारी बसलेल्यांना तिचं इंग्रजी खटकलं होतं. पण त्या प्रश्नाचे गुण आम्ही तिघांनी आपापल्या कागदावर वेगवेगळे मांडले होते, आणि तिघांच्याही कागदावर तिचेच सर्वांत जास्त होते. गोदामाचं काम म्हणजे दुसरं काय असतं?

तिच्याजवळ सहा वर्षांचा अनुभव होता आणि ती स्वतःला कोरी समजत होती. तो अनुभव आहे, हे तिला शाळेने, कॉलेजने, मुलाखतीच्या वर्गाने, कुणीच सांगितलं नव्हतं. उलट घरची विडी लपवायची गोष्ट आहे, असंच तिने शिकून घेतलं होतं. सोलापूरच्या मुलांची तयारी कमी पडते ती इथे. बापाच्या यंत्रमागावर सुट्टीत बसलेला मुलगा ताणा तुटला तर काय करायचं हे जाणतो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावणारा मुलगा पंधरा दिवसांचा माल आणि रोकड सांभाळतो, पंढरपूरच्या वारीत सेवा देणारी पोरं हजारोंच्या जेवणाचं नियोजन करतात. आणि अर्जात लिहितात काय? छंद: क्रिकेट बघणे.

तेव्हा मुलाखतीला जाणाऱ्याने पहिलं काम करावं ते हे. जाहिरात समोर घ्यावी, त्या जागेवर रोज काय करावं लागेल ते पाच-सहा ओळींत लिहावं. जाहिरातीतून कळत नसेल तर तिथे किंवा तशा ठिकाणी काम करणाऱ्याला गाठून विचारावं. मग प्रत्येक ओळीसमोर स्वतःच्या आयुष्यातली एक घडलेली गोष्ट लिहावी: अडचण काय होती, मी काय केलं, त्याने काय झालं, आणि शक्य तिथे आकडा. ‘आम्ही प्रोजेक्ट केला’ असं म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो, त्यात तुमचं काय? प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, आणि त्याबरोबर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. म्हणून छोटा असू दे, बिघडलेला असू दे, पण स्वतः केलेला प्रोजेक्ट घेऊन जावं. तो का बिघडला हे सांगणारा मुलगा मला तरी नेहमी जवळचा वाटतो. गोष्टी आधी आपल्या भाषेत मोठ्याने सांगाव्यात, त्या धंद्यातलं काही न कळणाऱ्या घरच्या माणसाला. त्याला समजलं की मग इंग्रजीत. नाही येत त्याला ‘हे मला येत नाही, पण मी असं शोधीन’ म्हणावं. शेवटी आपण काही विचारावं: शिफ्ट कोणती, शिकवणार कोण, कायम कधी करणार, पीएफ आहे का. पगाराचा आकडा तिथे जाऊन सुचत नाही. त्या कामाला शहरात काय देतात ते चार ठिकाणी विचारून जावं. आणि नोकरीसाठी कुणी अनामत मागितली तर उठून बाहेर पडावं.

हे सगळं ऐकून काही शिक्षक मला म्हणतात, तुमचं तत्त्व बरोबर, पण जग असंच आहे. मुलाखत घेणारे बदलायची वाट बघत पोरांनी घरी बसायचं का? ते टाय बघत असतील तर टाय बांधायला नको का? बांधा की. स्वच्छ कपडे, वेळेवर पोहोचणं, कागदपत्रांची फाइल, समोरच्याचं नीट ऐकून घेणं, हे एका दुपारी शिकता येतं आणि शिकावंच. माझी हरकत त्या एका दुपारचा सहा आठवड्यांचा कोर्स करण्याला आणि त्यासाठी आईबापांकडून हजारो रुपये घेण्याला आहे. त्या कोर्समधून निघालेली पन्नास मुलं तीच ओळख, तेच छंद, तोच गोंडस दोष सांगतात, आणि पन्नासांत कुणीच उठून दिसत नाही. ज्या शहराने १९३०मध्ये मार्शल लॉ सोसला, ज्या शहराचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये रुग्णसेवेला गेले, त्या शहराच्या मुलांना आत्मविश्वास बाहेरून विकत आणून चिकटवावा लागतो, हे मला पटत नाही. आपण केलेल्या कामाकडे काम म्हणून बघायला शिकवलं की बोलण्यात बळ येतं.

राहिला मालकांचा आक्षेप, आणि तो माझ्याच भाऊबंदांचा आहे. आम्ही छोटे उद्योजक, आमच्याकडे एचआर नाही, वेळ नाही. मान्य. पण लागतं किती? एका कागदावर सहा प्रश्न, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण, आणि शेजारच्याशी बोलण्याआधी. जमेल तिथे प्रत्यक्ष काम द्यावं. माल तपासणाऱ्याच्या जागेसाठी आम्ही टेबलावर दहा टॉवेल ठेवतो. एकाची कड वाकडी शिवलेली, एकावर लूप ओढला गेलेला, एक वजनाला हलका. दहा मिनिटांत दोषी माल वेगळा करा म्हणतो. ज्याचा बायोडेटा चकचकीत असतो तो कधी कधी वाकडी कडही सोडून देतो, आणि दारात अवघडून उभा राहिलेला मुलगा हलका टॉवेल नुसत्या हाताने ओळखतो. वडिलांचा धंदा, जात, गाव, आणि मुलींना ‘लग्न कधी करणार’ हे प्रश्न त्या कागदावर येऊच नयेत. शेवटचा प्रश्न विचारणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की स्त्री म्हणून भरतीत भेदभाव करायला १९७६च्या समान मोबदला कायद्यानेच मनाई केली होती. चुकीचा माणूस घेतला, तो दोन महिन्यांत सोडून गेला, पुन्हा नवा शोधला, यात जो वेळ आणि माल जातो त्यापुढे या कागदाचा खर्च काहीच नाही.

कॉलेजांच्या हातातही बरंच आहे. कॅम्पसला येणाऱ्या कंपनीला सभागृह, चहापाणी आणि हारतुरे देताना प्लेसमेंट विभागाने तिच्याकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात: कामाचं नेमकं स्वरूप, मुलाखत कोणत्या भाषेत आणि का, काय तपासणार, आणि न निवडलेल्यांना किती दिवसांत कळवणार. पुण्याला बोलावणार असाल तर पहिली फेरी फोनवर घ्या, असंही सांगावं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने अडीचशे किलोमीटर जायचं, दहा मिनिटं बसायचं आणि ‘कळवतो’ ऐकून रात्री परतायचं, यात घरची एक-दोन दिवसांची कमाई जाते. कंपन्या निघून जातील अशी भीती कॉलेजांना वाटते. एकेकट्या कॉलेजच्या बाबतीत ती खरीही असेल. पण सोलापूरला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, आणि हे चार मुद्दे विद्यापीठाने सगळ्या संलग्न कॉलेजांसाठी एकदम लागू केले तर कंपनी जाणार कुठे? येत्या हंगामाच्या आधी हे करता येईल, त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना निधी.